वंश म्हणजे काय?

चौथीच्या पुस्तकात आपण भोसले घराण्याची माहिती वाचतो. मालोजीराजांचे पुत्र शहाजीराजे, शहाजीराजांचे पुत्र शिवराय. मालोजीराजांची गढी आपल्या जवळच इंदापूरला आहे. गुरुजी म्हणाले, "आपापल्या घराची वंशावळ काढून आणा." कोणापासून कोण जन्मले ते ओळीने लिहिणे म्हणजे वंशावळ.

मी आज्जीला विचारून काढली. वर पणजोबा, खाली आजोबा, त्यांच्याखाली माझे वडील व चुलते, आणि शेवटी माझा धाकटा भाऊ. मी म्हणाले, "आज्जी, मी कुठंय? दोन्ही आत्या कुठं हायेत?" आज्जी म्हणाली, "लेकींची नावं घालत नसत्यात गं. त्या दुसऱ्याच्या घरी जात्यात." मला लई वाईट वाटले.

दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना विचारले. गुरुजींनी सांगितले, की शरीर असा भेद करत नाही. प्रत्येक बाळाला, मुलगा असो वा मुलगी, आईकडून २३ आणि वडिलांकडून २३ गुणसूत्रे मिळतात. म्हणून तर माझे केस थोरल्या आत्यासारखे कुरळे आहेत! शिवरायांचेही तसेच. जिजाऊ सिंदखेडच्या जाधवांच्या, तर आजी उमाबाई फलटणच्या निंबाळकरांच्या. तोही वारसा शिवरायांना मिळाला.

कायदाही भेद करत नाही. १९५६ साली हिंदू वारसा कायदा झाला. वडील मृत्युपत्र न करता वारले तर त्यांच्या स्वतःच्या जमिनीत मुलीलाही मुलाइतकाच वाटा मिळतो. वडिलोपार्जित जमिनीतही मुलींना समान हक्क आहे. तो महाराष्ट्रात १९९४ साली आणि साऱ्या देशात २००५ साली मिळाला.

माझे आजोबा गेल्या वर्षी वारले. त्यांनी स्वतः घेतलेली जमीन अडीच एकर. वारस पाच : आज्जी, वडील, चुलते, दोन आत्या. म्हणजे प्रत्येकी अर्धा एकर. वारसनोंदीच्या अर्जात वडिलांनी पाचही नावे लिहिली. पण दिवाळीत पाहुणे म्हणाले, "बहिणींकडून हक्कसोड लिहून घ्या." थोरली आत्या काहीच बोलली नाही. नुसती भाकरी थापत राहिली. वडीलही गप्प होते. अजून काही ठरलेले नाही.

मी मात्र वंशावळ पुन्हा काढली. तिच्यात आज्जी, आई, दोन्ही आत्या आणि मी, सगळ्यांची नावे घातली. कागद पुरेना, म्हणून दुसरा चिकटवला. आज्जीने स्वतःचे नाव बोटाने दोनदा दाखवायला लावले.

तुम्हीही आपली वंशावळ काढा आणि कोणाचे नाव राहिले ते बघा.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी