वीट गरम, मशीन थंड

मंडळाच्या मदतनिधीसाठी जुन्या वस्तूंची विक्री करायची म्हटलं की घराघरांतल्या बेसमेंटमधून सामान येऊ लागतं. पूर्वी त्यात मुलांच्या सायकली नि स्नो-बूट असायचे, आता मुलं कॉलेजला गेली की मागे राहिलेली गेमची मशीनंही येतात. त्यातली बरीचशी "बंद पडलंय हो, चालत नाही" अशा चिठ्ठीसकट! पण दरवेळी मशीनच मेलेलं असतं असं नाही. कित्येकदा बिघाड असतो तो पॉवर सप्लायमध्ये. चांगलं मशीन कचऱ्यात जाऊ नये आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे धोक्याचं मशीन कुणाच्या घरी जाऊ नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

उदाहरणाला आपल्याकडे सर्वांत जास्त सापडणारं एक्सबॉक्स ३६० घेऊ. हे २००५ च्या नोव्हेंबरमध्ये बाजारात आलं आणि २०१६ साली त्याचं उत्पादन थांबलं. त्याचं ऑनलाइन दुकानही जुलै २०२४ मध्ये बंद झालं, पण डिस्कवरचे गेम आजही खुशाल खेळता येतात. त्याचा पॉवर सप्लाय बाहेर असतो, चांगला जाडजूड. अमेरिकन पोरं त्याला 'ब्रिक' म्हणतात. आपल्याला वीट म्हटलं की पांडुरंग आठवतो, पण इथेही तीच गत, सगळा भार विटेवरच!

ही वीट करते काय? भिंतीतली १२० व्होल्टची उलटसुलट वाहणारी वीज घेऊन मशीनला १२ व्होल्टची सरळ वीज देते. सुरुवातीच्या २०३ वॅटच्या विटेतून १२ व्होल्टवर साडेसोळा अँपिअर निघतात, म्हणजे थोडाथोडका प्रवाह नव्हे. शिवाय ५ व्होल्टची एक बारीक धार कायम चालू असते, मशीन झोपेत असतानाही. म्हणून तर रिमोटने ते जागं होतं.

आता विटेवरचा छोटा दिवा बघा, निम्मं निदान तिथेच होतं. नारिंगी म्हणजे वीज आली आहे, मशीन बंद आहे. हिरवा म्हणजे सगळं सुरळीत. लाल म्हणजे विटेने हात टेकले. आणि दिवाच नसेल तर आधी भिंतीकडे वळा. त्या सॉकेटमध्ये टेबललॅम्प लावून पाहा, ब्रेकर पडलाय का ते बघा. वीट पॉवर स्ट्रिपमध्ये न लावता थेट भिंतीत लावा. विटेच्या आत स्वतःचं संरक्षण असतं, वर आणखी एक पट्टी नको.

दिवा लाल असेल तर भिंतीकडची आणि मशीनकडची अशा दोन्ही बाजू काढा. थोडा वेळ थांबा, वीट निवू द्या. मग मशीनला न जोडता नुसती भिंतीत लावा. तरीही लाल? मग वीट गेली. नारिंगी झाला, पण मशीनला जोडून बटण दाबताच पुन्हा लाल? मग संशय मशीनवर घ्यायचा, आत कुठेतरी शॉर्ट असू शकतो. तिसरा प्रकार जरा फसवा. सुरू होतं, मेनू दिसतो, आणि गेम रंगात आला की धाडकन बंद. वीट दमली की असं होतं, कारण खरा भार गेम चालतानाच पडतो. अर्थात मशीन तापलं तरीही असंच होतं. पण तापलेलं मशीन बटणाभोवती दोन लाल दिवे दाखवतं. तीन लाल दिवे म्हणजे मात्र मशीनचाच आजार. त्यापायी मायक्रोसॉफ्टला २००७ साली वॉरंटी तीन वर्षांवर न्यावी लागली आणि शंभर कोटी डॉलरहून अधिक खर्च बाजूला काढावा लागला. तिथे वीट बदलून उपयोग नाही.

मल्टीमीटर बाळगणारे उत्साही काका विचारतील, "१२ व्होल्ट मोजून बघू का?" काका, मशीनने मागितल्याशिवाय वीट १२ व्होल्ट सोडतच नाही. नुसत्या विटेत ते दिसले नाहीत म्हणून ती बिघडली असं होत नाही. सोपी खात्री म्हणजे मित्राकडची चालू वीट लावून बघणं. वॅट मात्र बघा हं! २०३, पुढे १७५, मग १५० अशा विटा येत गेल्या. मोठ्या वॅटची वीट नंतरच्या कमी भुकेच्या मशीनला चालते, उलट नाही. प्लगच्या खाचाच तशा केल्या आहेत, त्या कानशीने घासून बसवू नका. २०१० च्या बारीक मशीनचा प्लग तर वेगळाच आहे.

वीट बिघडते का? बहुधा उष्णतेने. आतला पंखा धुळीने बुजतो, वीट कार्पेटवर टीव्हीमागे कोंबलेली असते, आणि कपॅसिटर आतून सुकत जातात. तापमान दहा अंश सेल्सिअसने वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा ढोबळ हिशेब आहे. तेव्हा फरशीवर मोकळ्या हवेत ठेवा आणि जाळीवरून व्हॅक्यूम फिरवा.

पण वीट उघडू नका. १२० व्होल्टचे आत सुमारे १७० होतात, भारतातल्या २३० व्होल्टचे ३२५. ते साठवणारा कपॅसिटर प्लग काढल्यावरही झटका देऊ शकतो. "प्लग काढलाय ना" हे उत्तर इथे चालत नाही. जळका वास, चिरलेली वायर, वितळलेलं प्लास्टिक दिसलं तर निदानही करत बसू नका. साध्या वायरीचंही हसण्यावारी नेऊ नये. पहिल्या एक्सबॉक्सच्या तर १ कोटी ४० लाखांहून अधिक वायरी २००५ साली आगीच्या भीतीने बदलून द्याव्या लागल्या होत्या.

आता पुण्याच्या भाच्यासाठी मशीन बॅगेत टाकणाऱ्यांसाठी. विटेवरचं लेबल वाचा. 'इनपुट १००-२४०' असेल तर फक्त प्लगचा अडॅप्टर पुरे. '१००-१२७' असेल तर ती वीट तिथल्या सॉकेटमध्ये थेट लावायची नाही. हेअर ड्रायरसाठी मिळतो तो हलका कन्व्हर्टरही नको, तो तापणाऱ्या उपकरणांसाठी असतो. जड ट्रान्सफॉर्मर न्यावा लागेल. त्यापेक्षा तिथेच २३० व्होल्टची, योग्य वॅटची वीट घेतलेली बरी. मशीनला दोन्हीकडे १२ व्होल्टच हवे असतात, त्याला पुणे काय नि न्यू जर्सी काय!

विक्रीसाठी देताना मशीन आणि वीट सोबतच द्या, आणि दिवा कुठल्या रंगाचा लागतो ते चिठ्ठीवर लिहा. अर्धा तास गेम चालवून पाहिला असेल तर तेही लिहा. गेलेली वीट घरच्या कचऱ्यात न टाकता गावाच्या इलेक्ट्रॉनिक कचऱ्याच्या केंद्रात द्या, आणि तिची वायर कापून ठेवा, म्हणजे कुणी उचलून पुन्हा लावणार नाही. कापण्याआधी प्लग भिंतीतून काढलाय ना, तेवढं बघा.