शब्दांची पायपीट : भर दुपारी जन्मलेला ‘काऽम’

मार्च उलटला की मराठी वर्तमानपत्रांत तापमानाची यादी येऊ लागते. पुणे, जळगाव, मालेगाव, सोलापूर अशा मोठ्या नावांच्या रांगेत तिथे एक छोटे नाव हमखास असते : जेऊर. हे करमाळा तालुक्यातले जेऊर. (सोलापूर जिल्ह्यातच अक्कलकोट तालुक्यात दुसरे जेऊर आहे, ते वेगळे.) दौंड–सोलापूर लोहमार्गावरचे स्टेशन, करमाळ्याला जाणाऱ्यांची उतरायची जागा, उजनी धरणाच्या फुगवट्याच्या पाण्यावर ऊस आणि केळी घेणारी पंचक्रोशी. बाकीच्या महाराष्ट्राला मात्र या गावाची ओळख होते ती उन्हाळ्यात चाळिशी ओलांडणाऱ्या पाऱ्यामुळे.

वैशाखातल्या दुपारी या भागात काय होते ते सोलापूरकरांना सांगायला नको. तांबडे फुटायच्या आधी जुंपलेले औत उन्हे चढायच्या आत सुटते. बैल लिंबाखाली, माणसे ओसरीवर. वारा पडतो, पान हलत नाही, कुत्रेसुद्धा भुंकायचा कंटाळा करते. बारा ते चार या वेळात रस्त्यावर दिसलाच तर एखादा परगावचा. सगळीकडे सामसूम असते, पण तिला समाधान म्हणता येत नाही. ऊन मी म्हणत असते आणि माणसाचा इलाज चालत नाही, एवढाच तिचा अर्थ.

या लेखमालेतला आजचा इंग्रजी शब्द नेमका अशाच दुपारी जन्मला. सी-ए-एल-एम. त्यातला ‘एल’ इंग्रजांनी कधीच गिळून टाकला, त्यामुळे उच्चार उरला ‘काम’. मराठीत तो तसाच लिहिला तर घोटाळा होतो. ‘काम डाऊन’ वाचून एखाद्याला धंदा मंदावल्याची बातमी वाटायची. म्हणून या लेखापुरते ‘काऽम’ लिहू. अर्थ सर्वांना ठाऊक आहे : शांत, स्थिर, न चिडणारा. या शब्दाने गारवा जाणवतो. त्याचे मूळ मात्र आगीत आहे.

ग्रीक भाषेत ‘काउमा’ म्हणजे जाळणारी उष्णता, दाह. त्यामागचे क्रियापद ‘जाळणे’ या अर्थाचे. साबणाच्या कारखान्यात वापरतात तो ‘कॉस्टिक’ सोडा याच घराण्यातला, कारण तो कातडी जाळतो. ग्रीकांकडून ‘काउमा’ लॅटिनमध्ये गेला. इसवी सन ४०० च्या आसपास संत जेरोम यांनी बायबल लॅटिनमध्ये आणले. त्यात ईयोब आपली हाडे दाहाने वाळून गेल्याचे दुःख सांगतो, तिथे हाच शब्द आहे. उत्तर काळातल्या लॅटिनमध्ये त्याचा अर्थ दुपारच्या उन्हाकडे झुकला. ऊन म्हटले की ऊन टाळणे आले. इटली आणि स्पेनमध्ये ‘काल्मा’ हा शब्द उन्हापायी घेतलेल्या विसाव्यालाही लागला. मधे ‘ल’ कुठून घुसला? लॅटिनमध्ये ‘गरम असणे’ या अर्थाचे ‘कालेरे’ हे क्रियापद होते, आजची कॅलरी ज्या कुळातली ते. त्याच्या सहवासाने हा ‘ल’ चिकटला असावा, असे कोशकार मानतात.

पोर्तुगीज भाषेने तर दोन्ही अर्थ आजवर सांभाळले आहेत. तिथे ‘काल्मा’ म्हणजे शांतता आणि ‘काल्मा’ म्हणजे वारा पडलेला उकाडाही. गोव्यावर १९६१ पर्यंत राज्य करणाऱ्यांच्या भाषेला, मे महिन्यातल्या मडगावात, हे दोन अर्थ वेगळे करायची गरज भासली नसावी.

या शब्दाच्या फ्रेंच भावकीची गोष्ट त्याहून मजेदार आहे. लॅटिन ‘काउमा’पासून फ्रेंचमध्ये ‘शोमे’ हे क्रियापद आले. आधी अर्थ होता उन्हाच्या वेळी काम थांबवणे. मग नुसते काम थांबवणे. मग काम नसणे. आज फ्रेंच वर्तमानपत्रांत ‘शोमाज’ हा शब्द रोज दिसतो आणि त्याचा अर्थ आहे बेकारी! आणि जो दिवस पगारासह सुटीचा असलाच पाहिजे असे फ्रेंच कायदा सांगतो, त्यालाही ‘शोमे’ हेच विशेषण. तो दिवस कोणता, तर १ मे. म्हणजे एका बापाची दोन मुले : एकाने शांतीचे नाव कमावले, दुसऱ्याच्या वाट्याला सुटी आणि बेकारी आली.

विसाव्याचा हा शब्द शांतीचा झाला कसा, याचे उत्तर समुद्रावर आहे. भर दुपारी शेतात वारा पडतो तसा तो पाण्यावरही पडतो. भूमध्य समुद्रातल्या खलाशांनी ‘काल्मा’ उचलला तो वारा नसलेल्या, हलत नसलेल्या पाण्यासाठी. फ्रेंचमार्गे तो चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत उतरला, तेव्हा त्याचा संबंध वाऱ्याशी आणि समुद्राशीच होता. मनाशी नव्हता. ऊन तर तोवर पार गळून गेले होते. इंग्लंडच्या हवेत त्याची आठवण राहणार तरी कशी?

आणि हा समुद्रावरचा काऽम सुखाचा मुळीच नव्हता. शिडाच्या जहाजाला वारा हेच इंजीन. वारा पडला की जहाज जागच्या जागी. गोडे पाणी आणि धान्य मात्र संपत राहायचे. विषुववृत्ताजवळच्या निर्वात पट्ट्यात अडकण्याची धास्ती खलाशांना वादळाइतकीच असे. इंग्रज कवी कोलरिजने १७९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या म्हाताऱ्या खलाशाच्या काव्यातला भयंकर भाग वादळाचा नाही, अशा हलेनाशा झालेल्या समुद्राचा आहे. ब्रिटिश नौदलातले फ्रान्सिस ब्यूफर्ट यांनी १८०५ च्या सुमारास वाऱ्याची मोजपट्टी आखली, ती शून्य ते बारा. बारा म्हणजे चक्रीवादळ. शून्याच्या रकान्यात त्यांनी लिहिले ‘काऽम’. धूर सरळ वर जातो, ही जमिनीवरची त्याची खूण. हवामानशास्त्रात आजही वारा नसल्याची नोंद याच शब्दाने होते. म्हणजे जेऊरच्या दुपारी एखाद्या चुलीचा धूर सरळ वर जात असेल, तर शास्त्राच्या भाषेत तिथे ‘काऽम’ आहे, मग खाली माणसाच्या जिवाची कितीही काहिली होत असो.

मनाला हे विशेषण लागले ते सोळाव्या शतकात. समुद्राची उपमा मनाला देणे कवींना नवे नव्हते. खळबळ, लाटा, उधाण हे मनाचे शब्द झाले होतेच. मग वारा पडलेले पाणीही मनाचे झाले. इथे मूल्य मात्र उलटले. खलाशाला जी आपत्ती वाटे, ती सभ्य गृहस्थाची शोभा ठरली. पुढे ब्रिटिश वरच्या वर्गाने चेहऱ्यावरची रेषही न हलू देणे हा आपला बाणाच करून टाकला.

आपल्याकडे काय आहे? मराठी माणूस राग उतरवायचा म्हटले की थंडाव्याकडे धावतो. ‘डोके थंड ठेव’, ‘डोक्यावर बर्फ ठेव’, लेकराला पाहून जीव ‘निवतो’, चहाही ‘निवतो’. उन्हाच्या मुलखात सुख म्हणजे गारवा, यात नवल नाही. पण ‘शांत’ या शब्दाचे मूळ पाहिले तर चित्र वेगळे दिसते. मोनियर-विल्यम्स यांच्या १८९९ च्या संस्कृत-इंग्रजी कोशात ‘शम्’ धातूचा पहिला अर्थ आहे कष्ट करणे, विशेषतः यज्ञकर्मात राबणे. त्यानंतर थकणे, संपणे, थांबणे, आणि शेवटी शांत होणे. म्हणून विझलेला अग्नी शांत, आणि गेलेले माणूसही ‘शांत झाले’. कष्टाने दमून थांबलेला तो शांत. उन्हाने थांबवलेला तो काऽम. या दोन शब्दांचे रक्ताचे नाते नाही, पण दोघांच्याही पोटात काम थांबणे आहे. योगी, ध्यान, मंद हास्य ही सगळी मागाहूनची सजावट.

आता १९३९ सालाकडे. दुसरे महायुद्ध तोंडावर आले होते. ब्रिटनच्या माहिती मंत्रालयाने लोकांचे धैर्य टिकवण्यासाठी तीन भित्तिपत्रके तयार केली. त्यातल्या तिसऱ्यावर लाल पार्श्वभूमी, वर राजमुकुट आणि पाच शब्द : ‘कीप काऽम अँड कॅरी ऑन’. जवळपास साडेचोवीस लाख प्रती छापल्या. पहिली दोन भिंतींवर लागली. हे तिसरे भीषण हल्ल्याच्या प्रसंगासाठी राखून ठेवले आणि सरकारीरीत्या ते जवळजवळ कुठे लागलेच नाही. कागदटंचाईत बहुतेक प्रतींचा लगदा झाला. २००० साली इंग्लंडच्या उत्तरेला अॅनिक गावातल्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात, लिलावात घेतलेल्या पेटीच्या तळाशी, एक प्रत सापडली. हे ‘बार्टर बुक्स’ दुकान जुन्या रेल्वे स्टेशनात थाटलेले आहे. मालकांनी ती भिंतीवर लावली, गिऱ्हाईके मागू लागली, आणि आज तो मजकूर आणि त्याची विडंबने मगांवर, टी-शर्टांवर, मोबाइलच्या कव्हरांवर जगभर फिरतात. पुण्या-मुंबईच्या फुटपाथवरही ती मिळतात.

घोषणा लोकप्रिय झाली, पण तिने शब्दाचे काय केले हे पाहण्यासारखे आहे. ज्या शब्दाचा अर्थ ‘आता काम बंद’ असा होता, त्याच्यापुढे ‘चालू ठेवा’ जोडले गेले. शांत राहा, म्हणजे थांबू नका. युद्धकाळात ते समजण्यासारखे होते. शांततेच्या काळात कचेरीतला साहेब तेच म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ साधारण असा होतो : तक्रार नको, हातातले काम आटपा.

‘काऽम डाऊन’चेही तसेच. २०२२ मध्ये नायजेरियाचा गायक रेमा याने या नावाचे गाणे केले आणि ते आपल्याकडच्या वरातींतही वाजले. तिथे ते गोड लागते. भांडणात मात्र हे दोन शब्द तेलाचे काम करतात, कारण त्यात आज्ञा आहे आणि बोलणारा वरच्या पायरीवर उभा आहे. हार्वर्डमधल्या अॅलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग याबाबत वाचण्याजोगे आहेत. गाणे, भाषण, गणिताची परीक्षा अशा धास्तीच्या प्रसंगांआधी काहींना ‘मी उत्साहात आहे’ असे स्वतःशी म्हणायला सांगितले. अशांची कामगिरी ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा किंवा काहीच न म्हणणाऱ्यांपेक्षा चांगली झाली. धडधडत्या छातीला एकदम शांत करणे अवघड. त्याच धडधडीला उत्साह म्हणणे सोपे. दहावीच्या पेपरला निघालेल्या पोराला ‘शांत राहा, शांत राहा’ म्हणून भंडावणाऱ्या पालकांनी हे ध्यानात घ्यावे.

शेवटचा टप्पा बाजाराचा. २०१२ मध्ये अॅलेक्स ट्यू आणि मायकेल अॅक्टन स्मिथ यांनी ‘काऽम’ याच नावाचे मोबाइल अॅप काढले. ध्यान, पावसाचे आवाज, झोपताना नामवंत नटांच्या आवाजात ऐकायच्या गोष्टी. २०१९ मध्ये त्या कंपनीचे मोल १ अब्ज डॉलर ठरले. आज कंपन्या आपल्या नोकरांसाठी तिची वर्गणी एकगठ्ठा भरतात. नोकर दमला तर त्याला सुटी देण्यापेक्षा अॅप देणे स्वस्त पडते, असा सरळ हिशेब यात दिसतो.

जुना अर्थ मात्र पुरता मेलेला नाही. तो सरकारी कागदांत जिवंत आहे. २०१० च्या मे महिन्यातल्या जीवघेण्या लाटेनंतर अहमदाबादने २०१३ मध्ये उष्माघाताविरुद्ध कृती आराखडा केला; दक्षिण आशियातला तो पहिला. आज महाराष्ट्रातही उन्हाळ्यात सूचना निघतात : दुपारी १२ ते ३ उन्हात जाणे टाळा, कष्टाची कामे सकाळ-संध्याकाळी उरका. औत कधी सोडायचे हे जेऊरच्या शेतकऱ्याला कुणी शिकवावे लागत नाही. अडचण होते ती रोजंदारीवर ऊसतोड करणाऱ्याची, केळीचे घड वाहणाऱ्याची आणि डांबरी रस्त्यावर राबणाऱ्याची. दुपारचा विसावा रोजात धरला जात नसेल तर ती सूचना त्याच्यासाठी नुसती कागदावर राहते. मुकादमांनी आणि ठेकेदारांनी दुपारचे तीन तास मजुरी न कापता मोकळे सोडावेत. ‘काऽम’ या शब्दाचा मूळ अर्थ तरी तेवढाच आहे.

पुढच्या भागात ‘कूल’. तोवर वाचकांना एक विनंती : आपल्या गावाकडे भर दुपारच्या या पडलेल्या वेळेला, औत सुटल्यापासून उन्हे कलेपर्यंतच्या, खास काही शब्द असेल तर तो गावाच्या आणि तालुक्याच्या नावासह साप्ताहिकाकडे जरूर लिहून पाठवावा.