त्वचेचा कर्करोग : शस्त्रक्रियेला सामोरे जाताना

शरीरातील बहुतेक कर्करोग नजरेआड वाढतात. त्वचेचा कर्करोग मात्र डोळ्यांदेखत वाढतो आणि तरीही रुग्ण डॉक्टरांकडे अनेकदा उशिराच पोहोचतो. आपल्या सावळ्या त्वचेतील रंगद्रव्य उन्हापासून बरेचसे संरक्षण देते. त्यामुळे पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत भारतात या रोगाचे प्रमाण कमी आहे. परंतु ‘आपल्याला तो होतच नाही’ हा समज खरा नव्हे.

कारणे आपल्या आसपासचीच

ऊन हे एकमेव कारण नाही. छत्तीसगढमधील अंबागढ चौकी भागात, कौडीकसा गावाच्या परिसरातील भूजलात आर्सेनिक असल्याचे संशोधन १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. असे पाणी वर्षानुवर्षे पिण्यात आल्यास तळहात-तळपाय खरखरीत होतात, अंगावर काळे डाग पडतात आणि पुढे त्यातून कर्करोगही उद्भवू शकतो.

दुसरे कारण पेहरावाशी निगडित आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉ. वसंत रामजी खानोलकर व सूर्याबाई यांनी १९४५ मध्ये धोतर घट्ट नेसण्याच्या सवयीतून कमरेवर होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन केले. त्यानंतर जवळजवळ ८० वर्षांनी, २०२४ मध्ये, वर्धा व मधुबनी येथील डॉक्टरांनी अशाच दोन वृद्ध स्त्रियांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांपैकी एक चाळीस वर्षे कमरेला घट्ट लुगडे नेसत असे. तिची जखम दोन वर्षे भरली नव्हती आणि निदान होईतो रोग जांघेतील ग्रंथीपर्यंत पोहोचला होता. छत्तीसगढच्या खेड्यापाड्यांतही लुगडे नेसले जाते, म्हणून ही नोंद आपल्यासाठी विशेष महत्त्वाची. नाडी वा गाठ सैल बांधणे आणि तिची जागा बदलत राहणे हा त्यावरील साधा उपाय आहे.

चार आठवड्यांत न भरणारी जखम, भाजल्याच्या जुन्या व्रणावर पुन्हा पडलेले क्षत, चकाकत्या कडांची गाठ, तळपायावर किंवा नखाखाली वाढत जाणारा काळा डाग, यांपैकी काहीही दिसल्यास मलमे बदलत बसू नये.

शस्त्रक्रियेत काय घडते?

प्रथम जखमेचा लहानसा तुकडा काढून तपासतात. यालाच बायोप्सी म्हणतात. ‘सुई लावली की रोग पसरतो’ ही भीती अनाठायी आहे. निदानानंतर रोगग्रस्त भाग सभोवतालच्या निरोगी त्वचेच्या काठासह काढला जातो. सौम्य प्रकारात हा काठ साधारणतः ४ ते ६ मिलिमीटर असतो, तर काळ्या डागाच्या मेलानोमा या प्रकारात १ ते २ सेंटिमीटर. त्यामुळे जखम मूळ गाठीहून बरीच मोठी दिसते. याची कल्पना रुग्णास आधी असावी.

लहान गाठ केवळ तो भाग बधिर करून काढता येते आणि रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जातो. जखम मोठी असल्यास मांडीवरील पातळ त्वचा आणून तेथे बसवतात किंवा शेजारची त्वचा सरकवून घेतात. बसवलेल्या त्वचेची पट्टी बहुधा पाचव्या दिवसाच्या सुमारास उघडतात. अनेक रुग्णांना शस्त्रक्रियेच्या जागेपेक्षा मांडीच अधिक दुखते. ती जागा भरण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. चेहऱ्यावरील टाके आठवडाभरात, तर पाठ वा पोटावरील दहा ते चौदा दिवसांत काढतात. तंबाखू व धूम्रपानामुळे बसवलेली त्वचा धरत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास ते डॉक्टरांना आधी सांगावे. त्या स्वतःहून बंद करू नयेत.

काढलेल्या भागाचा अहवाल हाती येईपर्यंत उपचार पूर्ण झाले असे मानू नये. काठात रोग आढळल्यास पुन्हा शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार लागतात. ग्रंथी काढल्या असल्यास हात वा पाय सुजू शकतो. पुढील काही वर्षे नियमित तपासणी आवश्यक असते.

रायपूर येथील सोय आणि खर्चाची तजवीज

या उपचारांसाठी आता नागपूर वा मुंबईची वाट धरलीच पाहिजे असे नाही. रायपूरला ‘मेकाहारा’ या नावाने परिचित असलेल्या डॉ. आंबेडकर स्मृती रुग्णालयात प्रादेशिक कर्करोग केंद्र आहे. एम्स आणि २०१८ पासून नवा रायपूर येथील बालको मेडिकल सेंटरही रुग्णसेवेत आहेत.

आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. २०२४ पासून सत्तर वर्षे पूर्ण केलेल्या नागरिकांना उत्पन्नाची अट नाही. खासगी आरोग्य विमा असल्यास नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी विमा कंपनीची संमती घ्यावी आणि बायोप्सीच्या अहवालाच्या प्रती जपून ठेवाव्यात.

त्वचेचे बहुतेक कर्करोग वेळीच काढल्यास पूर्ण बरे होतात. घरातील वडीलधारी मंडळी कमरेवरची किंवा पायावरची जखम संकोचाने लपवतात. त्यांची आपुलकीने विचारपूस करणे आणि त्यांना वेळेवर डॉक्टरांकडे नेणे, हे कुटुंबातील प्रत्येकाचे काम आहे.