गावचं घर : आधी दोन खोल्या, मग मजला?

बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत दोन-तीन पिढ्या काढलेल्या परळ-नायगावच्या माणसाला कोकणात स्वतःचं घर हवंसं वाटणारच. गिरगाव-लालबागच्या चाळींतही वेगळं नाही. प्रश्न येतो तो सुट्टीपुरतं छोटं बांधायचं की पूर्ण, इथे. आणि उत्तर बहुतेकदा तयारच असतं : "आता दोन खोल्या टाकू, वर सळ्या सोडून ठेवू. पैसे आले की मजला चढवू." इतक्या वेळा हे ऐकलंय की आता गप्प बसवत नाही.

मजला वर चढला तरी त्याचा भार खालीच येतो. पाया आणि कॉलम एका मजल्याच्या हिशेबाने घातले असतील, तर दहा वर्षांनी पैसे आले म्हणून त्यांची ताकद वाढत नाही. गवंडी "काय होत नाय" म्हणतो. त्याचा हात कितीही चांगला असो, भाराचं गणित मांडणं हे त्याचं काम नव्हे. ते स्ट्रक्चरल इंजिनीअरचं काम आहे, आणि लाखोंच्या खर्चात नेमकी त्याचीच फी वाचवली जाते!

आता त्या सळ्या. आयएस ४५६:२००० हे काँक्रीटचं भारतीय मानक किनारी हवेला उघड्या असलेल्या बांधकामासाठी किमान एम-३० दर्जाचं काँक्रीट आणि सळीवर ४५ मिलिमीटरचं आवरण सांगतं. आपण मात्र गच्चीवर सळ्या उघड्याच ठेवतो, खारं वारं आणि कोकणातला पाऊस खात. लोखंड गंजलं की फुगतं, फुगलं की भोवतीचं काँक्रीट तडकतं आणि त्या फटीतून पाणी आत उतरतं. ज्या मजल्यासाठी सळ्या सोडल्या, तो येण्याआधीच खालचा स्लॅब गळायला लागतो.

मजला खरंच हवा असेल तर पूर्ण घराचा आराखडा आजच करून घ्या, पाया त्याच हिशेबाने घाला आणि वरचं काम नंतर करा. नाहीतर दोन खोल्या, पडवी आणि उतरतं कौलारू छप्पर एवढंच नीट बांधा. जागा असेल तर पुढे बाजूला वाढवता येतं. माझं मत विचाराल तर नोकरी मुंबईत असेपर्यंत दुसरा मार्ग बरा.

"गणपतीत पंचवीस माणसं येतात, मोठंच घर हवं," हाही तसाच हिशेब. ती पाच-सात दिवस येतात. वाळवी आणि ओल बारा महिने असते आणि प्रत्येक बंद खोली त्यांना सापडते. आणि बांधताना भिंतींसाठी जांभा दगड जुनाट म्हणून टाकू नका : हा चिरा खाणीतून मऊ निघतो, हवेत कडक होतो. कौलं मात्र नीट बांधून घ्या. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-मुरुडकडची कितीतरी छपरं उडाली. आता कागदांचं. छोट्या घराला परवानगी लागत नाही, हे अर्धसत्य. लहान बांधकामांना सवलत आहे, पण मालकीची कागदपत्रं, नकाशा आणि परवानाधारक अभियंत्याचं प्रमाणपत्र ग्रामपंचायतीत द्यावंच लागतं. घरपट्टी आपल्या नावाने येते म्हणून जागा आपली होत नाही. सातबाऱ्यावरच्या नोंदीनेही मालकी सिद्ध होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितलं आहे.

घर छोटं असो वा मोठं, सर्वात महाग पडतो तो समज असा : "जमीन वडिलोपार्जित आहे, कोण विचारतंय?" वाटप झालेलं नसेल तर त्या जमिनीच्या प्रत्येक गुंठ्यात प्रत्येक हिस्सेदाराचा वाटा असतो, आणि लग्न होऊन गेलेल्या बहिणी हिस्सेदारच आहेत. हिंदू उत्तराधिकार कायद्यातली २००५ची दुरुस्ती आणि ११ ऑगस्ट २०२०चा विनीता शर्मा खटल्याचा निकाल यांनी ते पक्कं केलं : मुलीचा हक्क जन्मतः आहे, २००५ मध्ये वडील हयात असोत वा नसोत. अपवाद २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटपांचा. तेव्हा चिऱ्यांची पहिली गाडी मागवण्याआधी सगळ्या भावाबहिणींना एकत्र बसवा, वाटप करून त्याची नोंद करून घ्या, आणि मगच पायाची आखणी करा.