हंगाम संपल्यावर जखडणारी पिन

बीड–परळी आणि माजलगाव–धारूर हे रस्ते जेथे एकमेकांना छेदतात, त्या तेलगावाला लागून सुंदरनगर येथे लोकनेते सुंदररावजी सोळंके सहकारी साखर कारखाना उभा असून, सिंदफणेवरील माजलगाव धरणाच्या पाण्यावर वाढलेला ऊस गळीत हंगामात, म्हणजे साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत, त्याच्या गव्हाणीकडे वाहून नेला जातो. या वाहतुकीत एका ट्रॅक्टरमागे अनेकदा दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात. ट्रॉलीच्या दांड्याच्या टोकाला असलेली कडी ट्रॅक्टरच्या हुकातील दोन पट्ट्यांमध्ये बसवून वरून एक पोलादी पिन घातली की जोडणी पूर्ण होते, आणि उसाने भरलेल्या ट्रॉल्यांची सगळी ओढ त्या पिनेवर येते. पावसाळाभर उघड्यावर उभी राहिलेली ही जोडणी दसऱ्याच्या सुमारास सोडवू गेल्यास पिन जागची हलत नाही, हा ट्रॅक्टरवाल्यांच्या परिचयाचा प्रश्न होय.

पिन अशी जखडण्याचे कारण तिच्या भोवतीच्या अरुंद फटीत असते. पिन सहज घालता यावी म्हणून छिद्र तिच्यापेक्षा किंचित मोठे ठेवलेले असते. त्या फटीत पावसाचे पाणी शिरते, आणि चिखल व पाचटाचा चुरा साचलेला असल्यास ते लवकर वाळत नाही. पाणी आणि हवेतील प्राणवायू यांच्या संयोगाने लोखंडावर गंज चढतो व तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे मोकळी असलेली फट आतूनच पाचर ठोकल्यासारखी भरून येते. हंगामात पिन सतत हलत असल्याने गंजाचा थर धरण्यापूर्वीच घासला जातो. ट्रॉली उभी राहिली की हे घासणे थांबते. म्हणजे जोडणीची झीज कामात होत असली, तरी तिचे जखडणे विसाव्यात घडते.

हीच अडचण परदेशांत निराळ्या रूपात आढळते. अमेरिकेत मोटारीमागे लहान ट्रेलर ओढण्यासाठी पोलादी गोळा वापरतात, ज्यावर ट्रेलरची खोलगट टोपी बसते. ट्रेलरनुसार या गोळ्याचा व्यास बदलत असल्याने एकाच खुंटावर वेगवेगळे गोळे चढवून पिनेने अडकवण्याची सोय काही जोडण्यांत केलेली असते. एकच गोळा दीर्घकाळ चढवून ठेवला, तर खुंट आणि गोळा यांच्यामधील फटीत गंज धरतो आणि बदलता येणारा गोळा कायमचाच होऊन बसतो. युरोपातील शेतीच्या ट्रॅक्टरांवरही 80 मिलिमीटर व्यासाच्या गोळ्याची जोडणी प्रचलित आहे. पिन असो वा गोळा, सोडवण्याचे तत्त्व एकच राहते.

जखडलेली पिन पाहताच घण उचलला जातो. परंतु पिनेवर ट्रॉलीचा ताण असेल, तर गंज नसतानाही ती निघत नाही, म्हणून पहिले काम ताण उतरवण्याचे असते. सपाट जागेवर ट्रॉलीच्या चाकांना दगड किंवा ठोकळे लावून आणि दांड्याखाली जॅक देऊन भार उचलून धरावा, व ट्रॅक्टर किंचित पुढे-मागे करताना कोणीही मध्ये उभे राहू नये. त्यानंतर तारेच्या ब्रशने वरची घाण काढून फटीत गंज सोडवणारे पातळ तेल सोडावे. असे तेल केशाकर्षणाने, म्हणजे दिव्याच्या वातीत तेल चढते त्याच रीतीने, बारीक फटीत शिरते. मात्र त्याला वेळ लागतो, म्हणून रात्रभर भिजू देऊन मधूनमधून कडीच्या बाजूंवर हलके ठोके द्यावेत, ज्यांच्या कंपनाने गंजाला तडे जातात. मग पाइप पान्याने पिन उपसण्याऐवजी आधी फिरवावी. ती केसभर फिरली, तरी गंजाची पकड मोडते आणि तेलाला वाट मिळते.

एवढ्यानेही काम झाले नाही, तर उष्णतेचा उपयोग होतो. पोलादाचे 30 मिलिमीटर व्यासाचे छिद्र 200 अंश सेल्सिअसने तापवले असता सुमारे 0.07 मिलिमीटरने, म्हणजे जवळपास केसाच्या जाडीइतके, रुंदावते. अर्थात त्यासाठी पिन नव्हे, तर तिच्या भोवतीची कडी तापली पाहिजे. ज्योत लावण्यापूर्वी तेल पूर्ण पुसून काढावे, टायर व हायड्रॉलिक पाइप दूर ठेवावेत, आणि धातू लाल होईपर्यंत तापवू नये किंवा त्यावर एकदम पाणी ओतू नये, कारण त्याने पोलादाचा कस बिघडतो. शेवटचा उपाय म्हणजे पिन कापून काढणे. येथे स्वस्त पिनेचा बळी देऊन महाग दांडा वाचवला जातो. तिच्या जागी बांधकामाची सळई किंवा हाताशी आलेला बोल्ट घालणे मात्र धोक्याचे आहे, कारण ते अशा ओढीसाठी घडवलेले नसतात आणि भर रस्त्यात तुटू शकतात.

या सर्व खटाटोपापेक्षा प्रतिबंध सोपा आहे, फक्त त्याची वेळ ऑक्टोबरची नसून एप्रिलची आहे. शेवटची खेप रिकामी झाल्यावर पिन काढून ती आणि छिद्र दोन्ही स्वच्छ पुसावीत, पाण्याने सहज न धुपणारे ग्रीस लावावे आणि पिन निराळी गुंडाळून कोरड्या जागी ठेवावी. बदलता गोळाही असाच खुंटावरून उतरवून ठेवावा. हंगामात मात्र ग्रीसवर ग्रीस चढवत जाणे योग्य नव्हे, कारण जुन्या ग्रीसमध्ये रस्त्याची धूळ मिसळून त्याचा कानशीसारखा लगदा होतो. म्हणून जुने पुसूनच नवे लावावे. पिन हातात असतानाच तिची झीज, वाक आणि टोकाशी अडकवायची सुरक्षा-क्लिप तपासून होते, आणि जखडलेल्या पिनेवर नेमकी हीच तपासणी करता येत नाही.