कडबाकुट्टीत हात गेला, तर प्रश्न कोणाला विचारायचा?

संशोधनाचा विषय शोधताय? मग संगमनेर, राहाता, कोपरगाव पट्ट्यातल्या एखाद्या गोठ्यात जाऊन उभे राहा. मोटरवरची कडबाकुट्टी बहुतेक ठिकाणी दिसेल. अपघात कशामुळे होतो म्हणून विचारलंत, तर उत्तर ठरलेलं: "लक्ष नव्हतं."

हे उत्तर वहीत जसंच्या तसं लिहा, पण निष्कर्ष म्हणून वापरू नका. आधी थोडा हिशोब करू. समजा, दोन पात्यांचं चाक मिनिटाला 300 फेरे मारतंय आणि तुकडा 2 सेंमीचा पडतोय. म्हणजे सेकंदाला 5 फेरे, 10 तुकडे, 20 सेंमी चारा आत. बोट रोलरमध्ये अडकलं हे कळून हात मागे ओढायला अर्धा सेकंद धरला, तरी 10 सेंमी आत गेलं. बोटं संपून तळहात लागला की! बटण बंद केलं तरी जड चाक लगेच थांबत नाही. इथे "लक्ष" कितीसं कामाला येणार?

आता प्रश्न बदलतो. माणूस चुकणार हे गृहीत धरून यंत्र कसं असावं? आयआयटी दिल्लीच्या दिनेश मोहन आणि राजेश पटेल यांनी 1992 मध्ये याच दिशेने काम मांडलं. पात्यांवर झाकण, चाकाला कुलूप (लहान मुलं रिकामं चाक फिरवत बसतात), आणि मुख्य रोलरच्या आधी हाताला इशारा देणारा रोलर. सगळं गावच्या वेल्डरला जमेल असं. मळणी यंत्रांसाठी तर 1983 चा धोकादायक यंत्रे नियमन कायदाच आहे.

आपल्याकडे यात विजेची भर पडते. चारा अडकतो, तेवढ्यात लाईट जाते, माणूस हात घालून चारा मोकळा करतो आणि लाईट येते. मोटर साध्या स्विचवर असेल तर यंत्र आपोआप सुरू होतं. नो-व्होल्ट कॉईलचा स्टार्टर असेल तर पुन्हा बटण दाबेपर्यंत होत नाही. (पंपाला लावतात तो 'ऑटो' कुट्टीला मात्र नको.) प्रश्नावलीत "काळजी घेता का?" विचारण्यापेक्षा स्टार्टर आहे का हे स्वतः बघून लिहा. पहिल्याला सगळेच हो म्हणतात.

मोजताना एक घोळ हमखास होतो. दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये तुटलेला पंजा सापडेल. कोयत्याने चिरलेलं बोट सापडणार नाही, त्याला घरीच हळद लागते. उलट घरोघर विचारलं तर कोयत्याच्या जखमा ढिगाने निघतील, कारण ऊसतोडीत तो दिवसभर हातात असतो आणि कुट्टी चालते दिवसाला थोडाच वेळ. म्हणून जखमा वापराच्या तासांमागे मोजायच्या, आणि गंभीरपणाचा रकाना वेगळा ठेवायचा.

पहिल्या फेरीला मोजपट्टी न्या. ट्रेच्या कडेपासून रोलरपर्यंतचं अंतर आणि चारा टाकणाऱ्या बाईच्या हाताची लांबी, दोन्ही घ्या. सिनॉप्सिस त्या दोन आकड्यांवरून सुरू करता येईल.