घरचे कुत्रे चावले तरी दुर्लक्ष नको



गळिताचा हंगाम आला की सातारा-सांगलीच्या शिवारात माणसांबरोबर कुत्र्यांचीही वर्दळ वाढते. वस्तीवरचं राखणीचं कुत्रं, तोडणी मजुरांच्या खोपीवरचं कुत्रं आणि फडातून उठलेला कोल्हा यांची रात्री कुठं झटापट झाली, हे मालकाला कळतही नाही. म्हणून "आपलंच कुत्रं हाय, जरा दात लागला, काय होतंय?" हे बोलणे घातक आहे.

रेबीज, म्हणजे पिसाळ रोगाचे विषाणू जनावराच्या लाळेत असतात. चाव्यातून, ओरखड्यातून, उघड्या जखमेवर चाटल्यानेही ते अंगात शिरतात आणि नसांवाटे मेंदूकडे सरकतात. याला बहुधा एक ते तीन महिने लागतात, कधी त्याहून कमी. उपाय करायचा तो याच मुदतीत. एकदा पाण्याची भीती वाटू लागली, की मग सहसा कोणताच इलाज चालत नाही.

पिसाळलेले कुत्रे अंगावर धावतेच असे नाही. कधी ते कोपऱ्यात गप पडते, जबडा लोंबतो, लाळ गळते, आवाज बदलतो. गाई-म्हशीला रोग झाला तर ती सारखी हंबरते, तिला गिळता येत नाही. घशात काही अडकलं असेल म्हणून आपण तोंडात हात घालतो. तसे मुळीच करू नका. पशुवैद्यकीय डॉक्टरांना बोलवा.

चावा बसताच जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा. मोटारीचं पाणी चालेल, नळाचं चालेल. हळद, चुना, तिखट भरू नका. मंतरलेल्या दोऱ्यावर विसंबू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. रक्त आलेल्या जखमेत लसीखेरीज आणखी एक औषध टोचावे लागते. ते तिथे नसेल तर जिल्ह्याच्या रुग्णालयात जा.

पोटात चौदा इंजेक्शनांची भीती आता सोडा. मेंढीच्या मेंदूपासून बनणारी ती लस देशात २००४ साली बंद झाली. आता सुई दंडाला टोचतात. सरकारी दवाखान्यात कातडीत लस देतात, ती पहिल्या दिवशी आणि नंतर तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी. दोन सुया घेतल्या आणि तोड आली म्हणून बाकीच्या राहिल्या, असे आपल्याकडे होते. तोडीला घरातला दुसरा कोणी उभा राहील. सुईची तारीख चुकवू नका.

कुत्र्याला मारू नका. दहा दिवस बांधून नजरेखाली ठेवा. मात्र त्या दहा दिवसांची वाट बघत लस थांबवू नका. कुत्रे धडधाकट राहिले, तर पुढच्या सुयांचे डॉक्टर ठरवतील.

शेजारच्या गोव्यात गावोगाव कुत्र्यांना लस टोचली. तीन वर्षांत एकही माणूस या रोगाने दगावला नाही, असे तिथल्या सरकारने २०२१ मध्ये जाहीर केले. आपणही पिल्लू तीन महिन्यांचे झाले की लस टोचून घ्यावी आणि दरसाल टोचावी. मांजरालाही.

शेवटी आम्ही एक विनंती करतो. फडात मजुरांची लेकरं दिवसभर कुत्र्यांबरोबर खेळतात आणि हे पत्रक त्यांच्या खोपीपर्यंत पोचत नाही. तोड सुरू झाली की मुकादमाला आणि त्या आयाबायांना हे तोंडी सांगा.